दगडात राहिलेली मूठ

पिठाच्या गिरणीत कुणाचंही दळण पुरतं त्याला परत मिळत नाही. दोन दगडांच्या मधे, कडेच्या खाचेत, पीठ पडायच्या कापडी तोंडात मूठ-दोन मुठी राहतातच, आणि त्या मागच्या नंबरवाल्याच्या डब्यात जाऊन पडतात. त्याच्या राहिलेल्या त्याच्या मागच्याला. असं दिवसभर गाव एकमेकांचं थोडंथोडं पीठ खात असतं. म्हणून जाणत्या बायका गिरणीत पाय टाकल्याबरोबर विचारतात, "काय चालू हाय आता? माझा गहू गव्हावरच टाका." ज्वारीवर गहू पडला तर पोळी नीट होत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं असतं.

पण राणीसावरगावच्या रस्त्यावरच्या त्या लहानशा गावात, आबासाहेबांच्या गिरणीत, कशावर काय पडतं याच्या आधी कुणावर कुणाचं पडतं हे बघितलं जायचं. बौद्धवाड्यातल्या बायकांनी आपल्या पाट्या भिंतीकडेला वेगळ्या ठेवायच्या. सगळ्या गावाचं दळण उरकलं, की इंजिन बंद करायच्या आधी त्या पाट्या दळल्या जायच्या. म्हणजे दगडात राहिलेली मूठ सकाळपर्यंत झाडून काढता यायची. आबासाहेब त्यावरून कधी कुणाला वाईट बोलले नाहीत. त्यांना तशी गरजच पडली नाही.

सत्यशीला त्या वाड्यातली. धर्म बदलल्यावर वाड्यात जन्मलेली पहिली मुलगी, म्हणून बापानं, आश्रुबानं, हौसेनं नवं नाव ठेवलं. आजूबाजूला सगळ्या पारबता, सरजा आणि सगुणा, त्यात ही एकटी सत्यशीला. नाव नवं असलं तरी दळणाची पाटी जुनीच होती. लहानपणी ती पाटी घेऊन भिंतीला टेकून उभी राहायची आणि मागून आलेले डबे पुढं जाताना बघायची. पोटात कावळे ओरडायचे. अंधार पडता पडता गरम पीठ डोक्यावर घेऊन घरी यायची. त्या पिठाची ऊब डोक्याला लागायची, तेवढी तिला आवडायची. गिरणीतलं बाकी काहीही तिला आवडलं नाही.

पुढं तिचं लग्न झालं. नवरा लिंबाजी पूर्णेला रेल्वेत होता. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावंच्या गावं पेटली, तेव्हा ती आजारी आईला बघायला माहेरी आलेली होती. ह्यांच्या गावात आग लागली नाही. त्याचा गावाला पुढं फार अभिमान वाटायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. फक्त आबासाहेबांची गिरणी पावसाळाभर वाड्यासाठी बंद राहिली, ते मात्र कुणी सांगायचं नाही. आश्रुबानं उंबऱ्यापुढं पायरी म्हणून पुरलेलं जुनं जातं उकरून काढलं. सत्यशीलानं ते धुतलं आणि आईच्या अंगात ताप असताना तिच्या उशाशी बसून ज्वारी दळली. हाताला फोड आले. फोडांपेक्षा तिला राग जास्त होता, आणि तो राग कुणावर काढावा हे कळत नव्हतं, कारण समोर कुणी उभंच नव्हतं.

मग एकामागून एक माणसं गेली. आई गेली, आश्रुबा गेला. लिंबाजीला कावीळ झाली आणि धडधाकट माणूस पंधरवड्यात हातचा गेला. मूलबाळ नव्हतं. नोकरी दिराच्या नावावर झाली आणि सत्यशीला पूर्णेत बन्सीधर नावाच्या एका मारवाड्याच्या चक्कीवर झाडलोटीला लागली.

तिथं तिनं पहिल्यांदा वेगळी रांग बघितली. जंक्शनचं गाव. गार्डाची बायको, हमालाची बायको, शाळेतली बाई, सगळ्यांचे डबे एका ओळीत. बन्सीधर फक्त धान्य बघायचा. गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी. कुणाचं कुणावर पडलं हे विचारायला तिथं कुणाला फुरसत नव्हती. सत्यशीला केरसुणी हातात धरून ते बघत राहायची. बन्सीधर ओरडायचा, "बाई, झाडायला ठेवलंय, बघायला नाही." पण माणूस मनाचा वाईट नव्हता. पट्टा चढवायला, दगड गुळगुळीत झाले की छिन्नी-हातोडीनं त्यांना टाके घालायला त्यानंच तिला शिकवलं. आपण नवीन चक्की घेतली तेव्हा जुनी तिला देऊन टाकली. देताना मात्र म्हणाला, "इथंच राहा. गावाकडं तुझ्याकडं दळायला कोण येणार?"

हाच प्रश्न पूर्णेच्या वाड्यातल्या बायकांनी विचारला, दिरानं विचारला, आणि बैलगाडीतून यंत्र उतरवायला आलेल्या सिताराम चुलत्यानंही विचारला. सत्यशीलाकडं उत्तर नव्हतं. हट्ट होता, आणि हट्टाला उत्तर लागत नाही.

आश्रुबाचं घर वाड्याच्या तोंडाशी, रस्त्याला लागून होतं. पुढच्या पडवीत यंत्र बसलं. बाहेर डबे ठेवायला ओटा बांधला. लाईटची तार आली. पहिल्या दिवशी बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावून तिनं जमलेल्यांना सांगितलं, "हितं एकच कायदा. ज्याचा डबा आधी, त्याचं दळण आधी. दुसरं काही न्हाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाड्यानं आपापलं दळण आणलं, आणि दुपार व्हायच्या आत वाड्याचं सगळं दळण संपलं.

मजुरीच्या ज्वारीवर जगणारी घरं ती. पायलीभर कुठं, अधेलीभर कुठं. त्यांच्या दळणानं गिरणीच्या घशाला ओलसुद्धा येईना. गाव आलं नाही. गावातल्या बायका रस्त्यानं आबासाहेबांच्या गिरणीकडं जाताना इकडं बघायच्या आणि पुढं जायच्या. सत्यशीला सकाळी ओटा झाडायची, यंत्र पुसायची आणि बसायची. लाईट यायची, जायची. गिरणी उघडी ठेवून रिकामं बसणं हे घरात रिकामं बसण्यापेक्षा वाईट असतं. घरात रिकामं बसलेलं कुणी बघत नाही.

त्या दिवसांत तिच्याकडं रोज येणारं एकच माणूस होतं. समोरच्या गल्लीतली पार्वतीबाई. वाडा तिला पारबता म्हणायचा, सत्यशीला पारबतामावशी म्हणायची. म्हातारी विधवा, एकुलती लेक रुख्मिणी पूर्णेला दिलेली, स्वतः अजून खुरपायला जायची. शेतातून आली की पदरात मूठ-दोन मुठी ज्वारी बांधून गिरणीत यायची.

"टाक."

"मावशी, एवढ्याला काय मोटार चालू करू?"

"कर. गिरणी मुकी ऱ्हाऊ ने. लोकाला वाटतं बंद पडली."

मग सत्यशीला मोटार चालू करायची. तेवढ्या ज्वारीतली निम्मी दगडातच राहायची. पारबतामावशी पोत्यावर बसून तंबाखू मळत दिवसभराच्या उखाळ्यापाखाळ्या सांगायची. कुणाची शेळी कुणाच्या उसात शिरली, कुणाची सून रुसून गेली. त्यात ऐकण्यासारखं काही नसायचं, पण सत्यशीला दिवसभर त्याची वाट बघायची. ती उठून गेली की गिरणी एवढी शांत व्हायची की सत्यशीला उगाच केरसुणी घेऊन झाडलेलं पुन्हा झाडायची.

एक दिवस कस्तुराबाई आल्या. आबासाहेबांच्या भावकीतल्या, तोंडाच्या गोड, पण व्यवहाराला पक्क्या. आबासाहेबांचं इंजिन जुनं झालं होतं, पीठ जाडंभरडं येत होतं, आणि सत्यशीलाच्या गिरणीचं पीठ मऊ पडतं हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. ओट्याच्या खालूनच त्या म्हणाल्या, "तुझ्याच भल्याचं सांगायले. सकाळी गावाचं दळ. दुपारनंतर तुमच्या वाड्याचं. मंग बघ, तुला जेवायला फुरसत मिळायची न्हाई. कुणाचं मन दुखायचं काम न्हाई, कुणाचं नुसकान न्हाई."

"कस्तुराबाई, हे आबासायबाच्या गिरणीत चालू हायच की. मंग मी कामून टाकली गिरणी?"

"पोटासाठी टाकली, अजून कशासाठी?"

कस्तुराबाई वाईट बोलत नव्हत्या. सिताराम चुलता तर संध्याकाळी येऊन रागावलाच. "डोकं हाय का ठिकाणावर? आपल्या लोकाला काय, दुपारनंतर आलं तरी चालतंय. सवय हाय आपल्याला."

"त्याच सवयीसाठी तर," सत्यशीला म्हणाली, आणि आत निघून गेली. त्या दिवशी ती रडली. तिला भूक होती, भीती होती, आणि आपण मूर्ख तर नाही ना असंही वाटत होतं. हा कायदा मोडला तर गिरणी भरभरून चालेल हे तिला दिसत होतं. पण मग ती गिरणी तिची राहणार नव्हती, दुसऱ्या जागी उभी केलेली आबासाहेबांचीच होणार होती. तिनं कायदा ठेवला. गिरणी रिकामी राहिली.

पुढच्या भादव्यात महालक्ष्म्या आल्या आणि ऐन त्यांच्या तोंडावर आबासाहेबांचं इंजिन बसलं. घरोघरी पुरण, घरोघरी पाहुणे, आणि गावात पीठ नाही. सावरगावच्या वाटेवरचा ओढा दुथडी भरलेला, पलीकडं जायची सोय नाही. घराघरांतून काय चर्चा झाली कुणास ठाऊक, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यशीलानं दार उघडलं तर पत्र्याखाली गावातल्या बायका उभ्या. ओट्यावर डबे. डालड्याचे, पितळी, कल्हईचे. सगळ्यांत पुढं मात्र एक बांबूची पाटी होती, वर फडकं. पारबतामावशी सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. रुख्मिणी माहेरपणाला येणार होती.

सत्यशीलाचा ऊर भरून आला. तिनं पट्टा चढवला, मोटार चालू केली आणि ओट्याकडं वळून म्हणाली, "पारबतामावशी, आण."

दुसरा डबा कस्तुराबाईंचा होता. त्या पुढं झाल्या. "थांब गं जराशी. तिच्या पाटीत ज्वारी आसंल. आमचा समद्याचा गहू हाय. आधी गहू गव्हावर दळून घे, मंग ज्वारी टाक. देवीचं हाय म्हून म्हणायले."

बोलणं गोड होतं, आणि गिरणीच्या रीतीत बसणारंही होतं. बन्सीधरही हेच म्हणाला असता. सत्यशीला क्षणभर अडली. मग ओट्यावर आली आणि तिनं पाटीवरचं फडकं उचललं. आत गहू होता. लेकीला पोळी घालायची म्हणून सुगीपासून गाडग्यात जपलेला, निवडून-पाखडून स्वच्छ केलेला गहू.

गव्हावर गहूच पडणार होता. आता काही म्हणायचं तर ते उघड म्हणावं लागणार होतं, आणि उघड म्हणायला कुणी तयार नव्हतं. कस्तुराबाईसुद्धा पदर सावरत रस्त्याकडं बघत राहिल्या. सत्यशीलाला वाटलं, जिंकलो आपण.

तेवढ्यात पारबतामावशीच बोलली. "माझं ऱ्हाऊ दे बाई. माझं शेवटी टाक. मला कुठं घाई हाय?"

असं म्हणून तिनं पाटी उचलली आणि भिंतीकडेला नेऊन ठेवली. इथं भिंतीकडेला तशी जागा कुणी केलेली नव्हती. तिच्या पायांना ती आपोआप सापडली.

सत्यशीलाच्या डोक्यात तिडीक गेली. गावावर इतकी वर्षं साठवलेला राग, ज्याला समोर माणूसच सापडत नव्हतं, तो सगळा त्या म्हातारीवर निघाला. "आण ती पाटी हिकडं!" ती ओरडली. "जलमभर भितीला टेकून उभी ऱ्हायलीस, आजून पाठ दुखंना का तुझी? म्या ही गिरणी कुणासाठी टाकली? तुझ्यासारख्या हायेत म्हून आपल्याला कुणीबी मागं सारतंय. लाज वाटू दे जराशी!"

गावातल्या सगळ्या बायकांसमोर. मोटारीच्या आवाजाच्या वर आवाज चढवून.

पारबतामावशी तशीच उभी राहिली. सत्यशीलानं पाटी स्वतः ओढून आणली, वरच्या चाड्यात गहू ओतला आणि दळला. पीठ पाटीत भरून तिच्या हातात दिलं. म्हातारीनं फडकं नीट झाकलं, पाटी डोक्यावर घेतली आणि पावसात निघून गेली.

तीन-चार बायकांनी डबे उचलले आणि त्याही गेल्या. राहिलेल्या बायका कस्तुराबाईंकडं बघत होत्या. कस्तुराबाईंना घरच्या महालक्ष्म्या दिसत होत्या, सासू दिसत होती, आणि रिकामी परातही दिसत होती. शेवटी खाली बघत त्या म्हणाल्या, "टाक." त्यांचा गहू पारबतामावशीच्या गव्हावर पडला. मग बाकीच्यांचे पडले. त्या वर्षी गावात पुरणपोळ्या झाल्या, देवी कुणावर कोपली नाही, आणि हळूहळू त्याबद्दल बोलणंही बंद झालं. आबासाहेबांनी पुढं इंजिन भंगारात काढलं.

म्हणजे सत्यशीला जिंकली. गोष्ट इथं संपवता आली असती, आणि सभेत भाषण करणारा माणूस ती इथंच संपवील. पण सत्यशीलाला त्यानंतरही रोज गिरणी उघडायची होती.

गाव आलं, पण गावाचे डबे आले. बायका ओट्यावर डबा ठेवायच्या, वरूनच "गहू हाय गं" म्हणायच्या आणि घरी जायच्या. दळण झालं असेल अशा अंदाजानं परत यायच्या आणि उचलून न्यायच्या. आबासाहेबांच्या गिरणीत त्याच बायका तासन्‌तास बसून गप्पा मारायच्या. इथं रांग होती, ती नुसत्या डब्यांची. सत्यशीला माणसांना डब्यांवरून ओळखायला लागली. पोचा पडलेला डालडा म्हणजे कस्तुराबाई. झाकणाला सुतळी बांधलेला म्हणजे पाटलाची नर्मदाबाई. कडी तुटलेला म्हणजे सुलाबाई. कधीकधी ती त्यांच्याशी बोलायची. "काय नर्मदाबाई, आज बाजरी? पाहुणे आले वाटतं?" डबे ऐकून घ्यायचे. मग आपलं आपल्यालाच हसू यायचं आणि लगेच यायचं बंद व्हायचं.

वाड्याचंही तसंच झालं. पोरं तिला मान द्यायची, जयंतीला स्टेजवर बसवायची, गिरणीवाल्या अक्का म्हणायची. पण संध्याकाळी कुणी येऊन पोत्यावर बसायचं नाही. म्हातारीला चारचौघीत बोलली, हे वाडा विसरला नव्हता. बायका तिच्याशी जपून बोलायच्या, मास्तरणीशी बोलावं तसं. तिला एकटं वाटायचं. हे आडवळणानं सांगण्यात अर्थ नाही. लिंबाजी गेला तेव्हाही एवढं वाटलं नव्हतं.

आणि पारबतामावशी? ती पुन्हा गिरणीत आली नाही. कुणाच्या हाती दळणही पाठवलं नाही. पहाटे सत्यशीलाला जाग यायची ती समोरच्या गल्लीतून येणाऱ्या जात्याच्या घरघरीनं. दारात विजेची गिरणी असताना ती म्हातारी हातानं दळत होती. सत्यशीला अंथरुणात पडून ते ऐकायची. एकदा जाऊन बोलावं असं मनात यायचं. पण मग वाटायचं, मी खोटं काय बोलले? तिनंच यावं. आली की मी पोतं झटकून बसायला देईन, मोटार बंद करीन, सगळं सगळं बोलेन. असं करता करता वर्षं गेली. मधली गल्ली बैल फिरवून घेण्याएवढीसुद्धा रुंद नव्हती, आणि ती गल्ली दोघींनाही ओलांडता आली नाही.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. वाडा आदल्या दिवशीच ट्रक भरून औरंगाबादला गेला होता. "अक्का, चला की," पोरं म्हणाली होती. "गिरणी कोण बघंल?" ती म्हणाली. पोरांनी दुसऱ्यांदा आग्रह केला नाही. एवढी वर्षं ज्या नावासाठी माणसं मेली, घरं जळाली, ते नाव लागलं त्या दिवशी आपण कुणाच्या तरी गळ्यात पडून रडावं असं तिला फार वाटत होतं. वाड्यात कुणी दिसत नव्हतं. गावातल्या बायका संक्रांतीचं वाण घेऊन घरोघर फिरत होत्या, त्यांच्या बांगड्यांचा आवाज रस्त्यावरून यायचा आणि जायचा. भोगीला लाईट नव्हती, त्यामुळं तुंबलेले डबे ओट्यावर ओळीनं बसले होते.

लाईट आली आणि तिनं दळायला घेतलं, तेव्हा ओट्याला काठी टेकल्याचा आवाज झाला. बघते तर पारबतामावशी. वाळून गेलेली, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, कमरेवर पाटी.

"जातं वढवंना आता," ती म्हणाली. "म्हून आले."

सत्यशीलाचे हात पिठात तसेच राहिले. "दे मावशी, आधी टाकते तुझं."

"कामून? ह्ये समदे डबे माझ्या आधीचे हायेत ना?"

"त्या घरी हायेत. त्यांना काय कळतंय?"

"न कळू दे. नंबरानं टाक. ज्याचा डबा आधी, त्याचं दळण आधी." म्हातारीनं पाटी ओळीच्या शेवटी नेऊन ठेवली. भिंतीकडं नाही, ओळीत. मग चाचपडत आली आणि आपल्या जुन्या जागी, पोत्यावर बसली.

मोटारीच्या आवाजात बोलता येत नाही. सत्यशीला दळत राहिली. मधेमधे मागं वळून बघायची, आहे ना अजून? म्हातारी तंबाखू मळत होती. मग सत्यशीलानं एक गोष्ट केली जी बन्सीधरनं बघितली असती तर तो ओरडला असता. तिनं चाड्याचं तोंड बारीक केलं, म्हणजे धान्य हळूहळू पडावं. डबे लवकर संपू नयेत असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं.

तरी नंबर आलाच. पाटीत ज्वारी होती, जराशी. दळून झाल्यावर तिनं मोटार बंद केली.

"नाव दिलं म्हणं?" पारबतामावशीनं विचारलं.

"दिलं मावशी."

"तुझा बाप आसायला पायजे होता." मग थोडं थांबून म्हणाली, "त्या दिशी लय बोललीस मला."

"मावशी, माझं चुकलं..."

"चुकलं न्हाई. खरं तेच बोललीस. म्या घरी जाऊन इचार केला, खरं होतं. पर समद्या बायांसमोर बोललीस. घरी येऊन बोलली आसतीस तर म्या ऐकलं आसतं. लय दिवस दाराकडं बघायची मी. म्हणायची, आज येईल सत्या."

आपणही दाराकडंच बघत होतो, हे सत्यशीलाला सांगायचं होतं. सांगून काय झालं असतं? ती एवढंच म्हणाली, "पहाटं जात्याचा आवाज यायचा."

"तुला ऐकू जावा म्हून तर पहाटं दळायची."

बाहेरून बांगड्यांचा आवाज आला आणि गेला.

"उद्या येशील ना मावशी?" सत्यशीलानं विचारलं. "जातं राहू दे आता. रोज ये. मूठभर आण, न्हाईतर आणूबी नको. नुसती बसायला ये."

"उद्या कुठली?" पारबतामावशी काठी घेऊन उठली. "रुख्मिणी न्यायला आलीय. आता तिकडंच, पुर्ण्याला. दिसंना झालंय मला, एकटीला कोण ठिवंल? घरात उरली तेवढी ज्वारी हुती. लेकीच्या घरी रिकाम्या हातानं कशी जाऊ?"

सत्यशीलानं पाटी उचलून तिच्या कमरेवर ठेवली. पीठ गरम होतं. म्हातारीनं पिठावर हात ठेवून बघितला, "मऊ पडतं गं तुझ्या गिरणीचं," म्हणाली आणि ओटा उतरली. सत्यशीला तिला दारापर्यंत सोडायला गेली. ती गल्ली तिनं तेव्हा ओलांडली. थोड्या वेळानं रुख्मिणी आईचा हात धरून, डोक्यावर बोचकं घेऊन, पुढं पूर्णेला जायला, गंगाखेडच्या गाडीला निघाली. सत्यशीला त्या दोघी दिसेनाशा होईपर्यंत उभी होती.

परत आली तर मधल्या वेळात पारबतामावशीच्या नंबरामागं एक डबा येऊन बसलेला होता. पोचा पडलेला डालडा. कस्तुराबाईंच्या सुनेनं ठेवून दिलेला, नेहमीसारखा, आणि ती निघून गेलेली. सत्यशीलानं तो उचलला, झाकण काढलं, चाड्याजवळ नेला. दगडात पारबतामावशीची मूठ राहिली होती, ती आता त्या डब्यात जाणार होती. रीतच तशी होती. ह्याच रीतीसाठी ती सगळ्यांशी भांडली होती.

तिनं डबा पुन्हा ओट्यावर ठेवला. आत जाऊन आपल्या मडक्यातली ज्वारी आणली आणि चाड्यात ओतली. इतक्या वर्षांत तिनं स्वतःचं दळण कधी मधे घातलं नव्हतं, सगळ्यांचं झाल्यावर शेवटी दळायची. मोटार चालू केली. पीठ पडायला लागल्यावर तिनं त्यात हात धरला, पहिली मूठ हातात घेतली आणि बराच वेळ तशीच धरून राहिली. मग ती आपल्या पिठात मिसळली, चूल पेटवली आणि त्याची भाकरी करून खाल्ली. कस्तुराबाईंची सून डबा न्यायला आली तेव्हा तिचं दळण झालेलं नव्हतं.